आधी फलक मोजा: विद्यापीठ ग्रंथालयातला पक्षिग्रंथांचा संग्रह कसा लावावा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पक्ष्यांवरची पुस्तके एका कपाटात कधीच सापडत नाहीत. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात ५९८ हा पक्ष्यांचा वर्गांक आहे, पण पिंजऱ्यातले पक्षी ६३६.६ मध्ये, कोंबड्या-बदके ६३६.५ मध्ये, शिकारीची पुस्तके ७९९ मध्ये, पक्षिचित्रांचे संग्रह कलेच्या विभागात आणि जुनी प्रवासवर्णने ९१० च्या आसपास जाऊन बसलेली असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असेल तर मुख्य साठा क्यूएल ६७१ ते ६९९ या पट्ट्यात आणि पाळीव पक्षी एसएफ या पशुपालनाच्या वर्गात. शिवाय मांडणीत न मावणारे मोठे ग्रंथ वेगळ्या कपाटात, नियतकालिके तिसरीकडे, आणि देणगीतून आलेली, दाखल नोंदवहीत चढलेली पण वर्गांक न मिळालेली खोकी तळघरात.

म्हणून पहिले काम पुस्तके हलवण्याचे नाही, यादी करण्याचे. कॅटलॉगवर विसंबू नका. दाखल नोंदवही सुरुवातीपासून वाचा, कारण जुन्या नोंदींत विषय लिहिलेला नसला तरी ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष आणि ‘चित्रांसह’ एवढा शेरा बहुधा असतो. यादी पूर्ण झाल्यावरही सगळे एका जागी आणायची गरज नाही. शिकारीच्या पुस्तकांत शिकारीचा अभ्यासक येतो, त्याची वाट मोडू नये. प्रत्येक नोंदीत ‘पक्षिसंग्रह’ असा एक समान शोधशब्द घातला की संग्रह कॅटलॉगमध्ये एकत्र दिसतो आणि पुस्तके आपापल्या जागी राहतात. एकत्र आणायचे ते फक्त १९०० च्या आधीचे सचित्र ग्रंथ. त्यांना कुलूपबंद जागा लागते आणि त्यांच्यावर सर्वांत जास्त काम करावे लागते.

फलकांची मोजणी

जुन्या पक्षिग्रंथात चित्रफलक, म्हणजे वेगळा छापून पुस्तकात बांधलेला चित्राचा कागद, हा मजकुराचा अलंकार नसतो. कित्येक जातींचे पहिले चित्र तेच असते, आणि पुस्तकातून सर्वांत आधी चोरीला जातो तोही फलकच, कारण सुटा फलक चौकटीत घालून विकता येतो. तेव्हा बांधणी, स्कॅनिंग, प्रदर्शन, विमा यांपैकी काहीही करण्याआधी फलक मोजा. आधी बांधायला दिले आणि नंतर मोजले, तर हरवलेला फलक केव्हा हरवला हे कधीच सांगता येत नाही.

मोजायला दोन माणसे लागतात. एकाने पाने उलटायची आणि मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. तक्त्यात हे रकाने ठेवा: दाखल क्रमांक, खंड, फलकावर छापलेला क्रमांक, फलकाखालचे नाव जसे छापले आहे तसे, कोणत्या पानासमोर बांधला आहे, पाठीमागे ग्रंथालयाचा शिक्का आहे की नाही, आणि स्थिती. शाईचे पेन त्या टेबलावर आणूच नका. फक्त मऊ शिसपेन्सिल. शंभर फलकांच्या खंडाला अख्खी सकाळ द्या आणि मध्ये माणसे बदलू नका, कारण मोजणीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

मोजलेला आकडा कशाशी ताडायचा, हा खरा प्रश्न. ग्रंथातच फलकांची यादी असेल तर ती पहिला आधार. पण मुखचित्राला बऱ्याचदा क्रमांक नसतो, दुमडलेल्या दुहेरी फलकाला कधी एक क्रमांक असतो तर कधी दोन, आणि यादी छापल्यानंतर घातलेला फलक ‘४७ अ’ म्हणून येतो. त्यामुळे शेवटच्या फलकावरचा क्रमांक म्हणजे एकूण संख्या, असे धरून चालू नका. दुसरा आधार म्हणजे मोठ्या संग्रहांच्या सविस्तर नोंदी. मॅकगिल विद्यापीठातला १९२० साली सुरू झालेला ब्लॅकर-वूड संग्रह, ऑक्सफर्डचे अलेक्झांडर पक्षिविज्ञान ग्रंथालय, कॅन्सस विद्यापीठातला इंग्रज पक्षिग्रंथकार जॉन गूल्डच्या मूळ रेखाटनांचा एलिस संग्रह, अशा ठिकाणच्या नोंदींशी आपली प्रत ताडून पाहता येते.

दोन उदाहरणांवरून अडचण कळेल. अमेरिकन पक्षिचित्रकार ऑड्युबॉनचा ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या काळात ८७ भागांत निघाला. प्रत्येक भागात पाच फलक: एक मोठ्या पक्ष्याचा, एक मध्यम, तीन लहान. सत्त्याऐंशी गुणिले पाच म्हणजे ४३५, आणि फलकांवर रोमन क्रमांक आहेत. इथे मोजणी सरळ आहे. पण या ग्रंथात मजकूर नाही म्हणून ‘अपूर्ण प्रत’ असा शेरा मारला जातो, तो चुकीचा. मजकूर १८३१ ते १८३९ मध्ये पाच खंडांत ‘ऑर्निथॉलॉजिकल बायोग्राफी’ या नावाने मुद्दाम वेगळा काढला होता. फलकांना मजकूर जोडला असता तर ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे त्या महागड्या ग्रंथाच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागल्या असत्या. दोन्हींची नोंद स्वतंत्र करा आणि एकीतून दुसरीकडे निर्देश द्या.

गूल्डच्या ग्रंथांत याच्या उलट. ‘द बर्ड्स ऑफ एशिया’ १८५० ते १८८३ असा ३५ भागांत निघाला. १८८१ साली गूल्ड वारल्यावर पक्षिशास्त्रज्ञ शार्पने तो पुरा केला. एकूण ५३० फलक, आणि फलकांवर क्रमांक छापलेले नाहीत. जसे चित्र तयार होईल तसा भाग निघत गेला, आणि सगळे भाग आल्यावर वर्गणीदाराने विषयसूचीच्या क्रमाने बांधून घ्यायचे, अशी रीत होती. काहींनी तसे केले, काहींनी आले तसेच बांधले. अशा ग्रंथात मोजणी क्रमांकावर नाही, पक्ष्याच्या नावावर करावी लागते: सूचीतले प्रत्येक नाव घ्या आणि फलक शोधून खूण करा.

फलक नसेल तर तो कधीच नव्हता की काढून नेला, हे बहुधा पुस्तकच सांगते. समोरच्या पानाकडे तिरक्या उजेडात पाहा. शंभर-दीडशे वर्षे दाबून राहिलेल्या चित्राची फिकट तपकिरी सावली समोरच्या मजकुरावर किंवा मधल्या झिरझिरीत कागदावर उमटलेली असते. सावली आहे आणि फलक नाही, याचा अर्थ तो तिथे दीर्घकाळ होता. बांधणीच्या खाचेत कागदाची पट्टी उरली आहे का तेही पाहा. मात्र पट्टी म्हणजे चोरीच असे नाही, कारण जाड फलक बरेचदा मुद्दामच पट्टीवर चिकटवून बांधलेले असतात. चोरीच्या पट्टीची कड पात्याने कापल्यासारखी सरळ असते, आणि पाते पुढच्या एक-दोन पानांवरही ओरखडा सोडून जाते.

मोजणी संपली की प्रत्येक फलकाच्या पाठीमागे, चित्राचा भाग टाळून, छोटा शिक्का मारा. शाई टिकाऊ आणि आम्लरहित हवी. आधी दुसऱ्या निरुपयोगी जुन्या कागदावर मारून ती पलीकडे उमटत नाही ना ते आठवडाभर पाहा. पूर्वी कोणी चित्रावरच शिक्का मारून ठेवला असेल तर तो खोडायला जाऊ नका. खोडताना रंग आधी जातो, शिक्का नंतर.

छपाई ओळखणे

दहापट भिंग घ्या. छपाईची पद्धत ओळखता आली की पुस्तकाचे वय आणि त्याला धोका कशाचा, दोन्ही कळतात.

ताम्रपटावरून छापलेल्या चित्राभोवती कागदात दबलेली आयताकृती कड दिसते. बांधणाऱ्याने कागद फार छाटला असेल तर मात्र ती गेलेली असते. शिळाछापात अशी कड नसते. रेषा खडूने ओढल्यासारखी रवाळ दिसते. या दोन्हींवर रंग हाताने भरलेला असेल तर तो रेषेच्या किंचित बाहेर गेलेला असतो, कुंचल्याच्या फटकाऱ्याची कड गडद असते, आणि डोळ्याच्या बाहुलीवर डिंकाची चकाकी असते. रंगीत शिळाछापात तेलकट शाईचे थर एकावर एक बसतात आणि काठाला एखादा रंग सरकलेला सापडतो. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती हाफटोन छपाई.

हाताने रंगवलेल्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात. नमुन्याचा एक फलक समोर ठेवून रंगाऱ्यांचा गट काम करत असे, आणि माणूस बदलला की छटा बदलते. पुढे काळ आपला रंग भरतो. पांढऱ्यासाठी वापरलेला शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे काळवंडतो, आणि पांढऱ्या छातीचा पक्षी करड्या छातीचा दिसू लागतो. संशोधकाने त्या चित्रावरून पिसांच्या रंगाबद्दल निष्कर्ष काढू नये म्हणून स्थितीच्या रकान्यात ‘सफेदा काळवंडला’ असे स्पष्ट लिहा. काळवंडलेला सफेदा पुन्हा पांढरा करणारा रासायनिक उपचार आहे, पण तो प्रशिक्षित संवर्धकाच्याच हातून व्हावा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग तर कागदच खातो. पोपटाच्या फलकाची पाठ पाहा: पक्ष्याच्या आकाराचा तपकिरी डाग असेल तर तिथला कागद ठिसूळ झालेला आहे, आणि तो फलक वाकवला की तडा जाणार. गूल्डच्या गुंजनपक्ष्यांच्या (हमिंगबर्ड) ग्रंथात (१८४९ ते १८६१, ३६० फलक) चमक आणण्यासाठी सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग आणि वॉर्निश दिलेले आहे. त्या पृष्ठभागाला बोट किंवा कागद काहीच घासू देऊ नका.

भाग, वेष्टने आणि तारखा

प्राणिशास्त्रीय नामकरणात अग्रक्रम तारखेवर ठरतो. सगळ्या नावांची सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून धरतात. त्यानंतर एकाच पक्ष्याला दोघांनी नावे दिली असतील तर सामान्यतः आधी छापलेले टिकते, कधी कधी काही महिन्यांच्या फरकाने. भागाभागांत निघालेल्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावरचे वर्ष या कामी निरुपयोगी असते, कारण शीर्षकपृष्ठ बहुधा शेवटच्या भागाबरोबर यायचे. खरी तारीख प्रत्येक भागाच्या कागदी वेष्टनावर असे, आणि बांधणाऱ्यांनी तीच वेष्टने टाकून दिली.

म्हणून खंडाच्या शेवटी मळकट निळी-करडी पाने एकत्र बांधलेली दिसली तर ती रद्दी समजू नका. ती कदाचित त्या प्रतीतला सर्वांत मोलाचा भाग असेल. प्रत्येक वेष्टनावरची तारीख, भाग क्रमांक आणि आत असलेल्या फलकांची नावे नोंदीच्या टिपेत उतरवा. हाच नियम नियतकालिकांना: अंक बांधायला देताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने आतच ठेवायला सांगा. नियतकालिकांची नावेही बदलतात. ‘द ऑक’ १८८४ पासून चालत आले आणि २०२१ मध्ये ‘ऑर्निथॉलॉजी’ झाले. ‘द कॉन्डॉर’ त्याच वर्षी ‘ऑर्निथॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स’ झाले. मार्क (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा प्रमाणित साचा) नोंदीत आधीच्या नावासाठी ७८० आणि पुढच्यासाठी ७८५ हे क्षेत्र भरले नाही, तर वाचकाला वाटते की नियतकालिक बंद पडले.

पक्ष्यांची नावे नोंदवताना

संग्रह वापरात येतो की धूळ खात पडतो हे इथे ठरते. वाचक आजचे नाव घेऊन येतो, पुस्तकात जुने नाव असते, आणि कॅटलॉगमध्ये बहुधा कुठलेच नसते. छोट्या पाणकावळ्याला आज मायक्रोकार्बो नायजर म्हणतात. काही दशकांपूर्वीच्या पुस्तकांत तो फॅलॅक्रोकोरॅक्स नायजर आहे. नोंदीत दोन्ही हवीत. मार्कमध्ये यासाठी खास ७५४ क्षेत्र आहे: त्यात शास्त्रीय नाव, वर्गीकरणाची पातळी, बोलीतले किंवा पर्यायी नाव आणि नाव कोणत्या यादीतून घेतले ते, असे उपविभाग आहेत. फार कमी ग्रंथालये ते भरतात. एकाच गटावरच्या ग्रंथासाठी आणि सुट्या फलकांसाठी ते जरूर भरा. पाचशे जातींच्या देशवार ग्रंथासाठी मात्र प्रत्येक जात चढवत बसू नका. तिथे मोजणीचा तक्ताच नोंदीला जोडा.

आजचे नाव ठरवायला एकच यादी निवडा आणि तिची आवृत्ती लिहून ठेवा. आयओसी, क्लेमेंट्स आणि बर्डलाइफ या जगातल्या पक्ष्यांच्या याद्यांमध्ये फरक होते; ते मिटवण्यासाठी २०२५ मध्ये ‘अ‍ॅव्हीलिस्ट’ ही एकत्रित यादी आली. नव्या कामासाठी तीच घ्यावी. पण छापलेले नाव कधीही पुसून नवे लिहू नका. एका जातीच्या दोन होतात, दोनाची पुन्हा एक होते. छापलेले नाव तेवढे स्थिर राहते.

विभागलेल्या जातींबाबत विशेष जपा. जुन्या ग्रंथात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यासाठी पॅरस मेजर लिहिले असेल आणि वर्णन दक्षिण आशियातल्या पक्ष्याचे असेल, तर तो आज पॅरस सिनेरियस. ठिकाण दिलेले नसेल तर आजचा रकाना रिकामा ठेवा. चुकीचे नाव भरण्यापेक्षा रिकामा रकाना बरा, कारण भरलेला रकाना पुन्हा कोणी तपासत नाही.

लेखकाच्या नावाभोवतीचा कंस ही छपाईची हौस नव्हे. चिमणीचे नाव पॅसर डोमेस्टिकस (लिनीयस, १७५८) असे कंसात लिहितात, कारण लिनीयसने तिला फ्रिंजिला या प्रजातीत घातले होते आणि ती नंतर हलवली गेली. नोंद उतरवताना कंस गाळला तर अर्थ बदलतो. १७५८ पूर्वीच्या ग्रंथांतली लॅटिन नावे नामकरणाच्या दृष्टीने ग्राह्य नाहीत. ती ७५४ मध्ये न घालता साध्या टिपेत लिहा.

फील्ड गाईड आणि हस्तलिखित टिपणे

नवी आवृत्ती आली की जुनी बाद करण्याची सवय फील्ड गाईडच्या, म्हणजे बाहेर हिंडताना पक्षी ओळखायच्या पुस्तकांच्या, बाबतीत सोडा. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पीटरसनचे पहिले गाईड १९३४ चे. तेव्हापासूनच्या अशा पुस्तकांतले नकाशे म्हणजे त्या त्या काळी कोणता पक्षी कुठे आढळतो असे मानले जात होते याचा पुरावा आहे. प्रत्येक आवृत्तीची एक प्रत देवघेवीबाहेर ठेवा. समासात कोणी तारीख, ठिकाण आणि खुणा लिहिल्या असतील तर खोडरबर लावू नका. अशी प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची. कोणाची होती ते मार्कच्या ५६१ क्षेत्रात लिहा. देणगीत आलेल्या वह्यांमध्ये दुर्मिळ पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा असतील तर ती पाने खुल्या स्कॅनमधून वगळा. अंडीचोर आणि पिल्ले पकडणारे अशा नोंदी शोधतात, आणि कित्येक पक्षी वर्षानुवर्षे त्याच जागी घरटे करतात.

चकचकीत लेपाच्या कागदावरची ही आधुनिक पुस्तके मजबूत वाटतात, पण पाणी लागले तर हीच आधी जातात. लेप विरघळून पाने एकमेकांना चिकटतात आणि वाळली की विटेसारखा घट्ट गठ्ठा होतो, तो सुटत नाही. नळ फुटला तर आधी ही पुस्तके उचला आणि काही तासांत मेणकागदात गुंडाळून गोठवा. बाकीची पंख्याखाली वाळवता येतात.

ठेवणे आणि हाताळणे

तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. आकड्याइतकीच स्थिरताही महत्त्वाची आहे. रात्री वातानुकूलन बंद आणि सकाळी सुरू, या रोजच्या खेळात चामडे आणि कागद वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात आणि सांधे फाटतात. आर्द्रता ६५ च्या वर राहिली की बुरशी येते.

मोठे ग्रंथ आडवे ठेवा, एकावर एक दोनच, आणि कमरेच्या उंचीवर. ऑड्युबॉनच्या ग्रंथाचे पान सुमारे १०० बाय ६७ सेंटिमीटर आहे, म्हणजे उघडल्यावर टेबल किमान दीड मीटर लांब हवे. असा खंड दोघांनीच उचलायचा. उभ्या मांडणीत न मावणारे पुस्तक पाने खाली आणि पाठ वर असे उलटे उभे करू नका. पानांचा सगळा भार शिवणीवर येतो आणि पुस्तक बांधणीतून निखळते.

हातमोजे नकोत. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात. सुती मोज्यात बोटांना कागद जाणवत नाही आणि कड फाटते. पुस्तक फोमच्या पाचरींवर ९० ते १२० अंशांपर्यंतच उघडा. मोठे पान उलटताना वरचा बाहेरचा कोपरा धरा, दुसरा हात पानाखाली सरकवा, आणि दोन्ही हातांवर तोलून पलीकडे न्या. मधले झिरझिरीत कागद पिवळे पडले असतील तर ते आम्लधर्मी झालेले आहेत; त्यांच्यावर चित्राची सावली नसेल तर बदला, असेल तर आम्लरहित पाकिटात घालून जपा.

कसर लागलेली पुस्तके पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरते. वर्ख किंवा वॉर्निश असलेले फलक या उपायाला देण्याआधी संवर्धकाला विचारा.

एकोणिसाव्या शतकातल्या भडक हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकांना मात्र हातमोजे घालूनच हात लावायचा, आणि तेही नायट्राइलचे. त्या हिरव्यात आर्सेनिक असू शकते. रंगाची भुकटी बोटांना लागते. अशी पुस्तके ब्रशने झटकू नका, प्रत्येक वेगळ्या बंद पिशवीत ठेवा, पिशवीवर सूचना लावा, आणि नंतर हात साबणाने धुवा. प्रयोगशाळेत तपासून घेता आले तर उत्तम, तोवर संशय हाच निर्णय.

स्कॅनिंग

आधी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत शोधा. २००६ पासून ग्रंथालये मिळून जुने जीवशास्त्रीय वाङ्मय तिथे मोफत खुले करत आहेत, आणि तुमच्या हातातला ग्रंथ आधीच तिथे असू शकतो. असेल तर पूर्ण ग्रंथाऐवजी तुमच्या प्रतीचे वेगळेपण तेवढे स्कॅन करा: वेष्टने, समासातली टिपणे, वेगळ्या रंगाचे फलक. नसेल तर फलकांसाठी किमान ४०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी, मूळ प्रत टिफ या फाइलप्रकारात. बांधलेला ग्रंथ सपाट स्कॅनरवर पालथा घालू नका. वरून टिपणारा कॅमेरा आणि उघडे पुस्तक टेकवायचा पाळणा वापरा. कोऱ्या पाठीसुद्धा घ्या, हिरव्या रंगाचे डाग आणि शिक्के तिथेच असतात.

फाइलींना फलकाच्या क्रमांकावरून नाव देऊ नका. पुस्तकात पाने जशी बांधली आहेत त्या क्रमाने ०००१ पासून आकडे द्या, आणि फलक क्रमांक वेगळ्या रकान्यात लिहा. काम झाल्यावर पुस्तक कपाटात जाण्याआधी, स्कॅन न केलेल्या माणसाने फाइलींची यादी मोजणीच्या तक्त्याशी ओळीने ताडावी. एकही फलक जुळला नाही तर खंड त्याच टेबलावर पुन्हा उघडा. दोन पाने एकत्र उलटली गेली असतील तर ते तेव्हाच सापडते.